अंडं, दूध की पातळ डाळ? शाळेतल्या जेवणाच्या वादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी ग्रुप्सवर दर थोड्या दिवसांनी एक फॉरवर्ड येतो, कधी 'सरकार मुलांना बळजबरीनं अंडी खायला घालणार' तर कधी 'गरिबांच्या ताटातलं अंडं पळवलं', मग रात्रभर मेसेज, मग एखादे काका चिडून ग्रुप सोडतात आणि सकाळी त्यांना समजावून परत ॲड करावं लागतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. मी कुठल्या पक्षाची नाही. आमच्या घरात अंडं शिजत नाही. पण मतं आहेत, ती लपवायचा विचार नाही.

हे जेवण नक्की कोणाला मिळतं?

सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या बालवाटिका (पहिलीच्या आधीचा वर्ग) ते आठवीपर्यंतच्या मुलांना. आधी सगळे मिड डे मील किंवा मध्यान्ह भोजन म्हणायचे, सप्टेंबर २०२१ पासून नाव पीएम पोषण. देशभरात साधारण ११ लाख शाळा आणि ११ कोटींवर मुलं, एवढा मोठा पसारा आहे. सहा वर्षांखालच्या मुलांचं अंगणवाडीतलं जेवण ही वेगळी स्कीम आहे, वेगळं खातं, वेगळे नियम, आणि ग्रुपवरची निम्मी भांडणं ही दोन्ही एकच समजल्यामुळे होतात.

आमची मुलं तर प्रायव्हेट शाळेत जातात, आम्हाला काय करायचंय?

तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंची मुलं कुठे जातात ते विचारा एकदा.

किती आणि काय द्यायचं हे कुठे लिहिलंय? की ज्याच्या मनाला येईल ते?

लिहिलंय, आणि चांगलं कायद्यात लिहिलंय. स्कीम सुरू झाली १५ ऑगस्ट १९९५ ला, पण तेव्हा बऱ्याच राज्यांत जेवण नव्हतंच, महिन्याला तीन किलो धान्य घरी द्यायचे आणि मोकळे व्हायचे. मग राजस्थानातल्या दुष्काळाच्या वेळी, गोदामात धान्य सडतंय आणि माणसं उपाशी, म्हणून नागरी हक्कांसाठी काम करणारी पीयूसीएल ही संस्था सुप्रीम कोर्टात गेली आणि २८ नोव्हेंबर २००१ ला कोर्टानं सांगितलं की शिजवलेलं गरम जेवण द्या, निदान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रोटीन, वर्षाचे निदान २०० दिवस. नंतर आकडा वाढला. आज पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम, आणि हे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या दुसऱ्या शेड्युलमध्येच छापलेलं आहे. म्हणजे हे कोणाची मेहरबानी नाही, मुलाचा हक्क आहे.

त्या कायद्यात अंडं हा शब्द बंधनकारक म्हणून कुठेच नाही बरं का. आकडा दिल्लीचा, मेनू राज्याचा, आणि मेनू राज्याचा म्हटल्यावर राजकारण आलंच.

४५० कॅलरी म्हणजे ताटात नेमकं काय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि खरं तर सगळ्यात आधी हाच विचारायला हवा. लहान मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. मोठ्या वर्गांना १५०, ३०, ७५ आणि साडेसात. आता २० ग्रॅम डाळ तळहातावर घेऊन बघा, मूठ अर्धीसुद्धा भरत नाही.

शंभर मुलांच्या शाळेचा हिशोब करू. दहा किलो धान्य, दोन किलो डाळ, पाच किलो भाजी, अर्धा किलो तेल. ४५० पैकी साडेतीनशेच्या आसपास कॅलरी एकट्या धान्यातून येतात, म्हणजे नुसती पोळी नाहीतर भात ताटात पडला तरी कागदावरचा मोठा आकडा बऱ्यापैकी भरतो. आता समजा डाळ दोन किलोच्या जागी एकच किलो पडली. कॅलरी फक्त तीस-पस्तीसनं घटल्या, कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण प्रोटीन मुलामागे दोन ग्रॅमहून जास्त कमी झालं, आणि ते सुद्धा डाळीचं प्रोटीन जे गहू-तांदळातल्या प्रोटीनची उणीव भरून काढतं. पातेलं तेवढंच भरलेलं दिसतं कारण पाणी फुकट आहे. हळद जरा जास्त टाकली की रंगही जमतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्टँडर्ड कॅलरीत मोजलं जातं आणि चोरी डाळीत होते. टीव्हीवर भांडण अंड्याचं चालतं आणि तिकडे डाळीचं वजन कोणी करत नाही.

एका मुलामागे पैसे किती मिळतात?

धान्य केंद्राकडून फुकट येतं. बाकी डाळ, भाजी, तेल, मसाले आणि गॅस-सरपण या सगळ्यासाठी १ मे २०२५ पासून प्राथमिकला दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि वरच्या वर्गांना १० रुपये १७ पैसे. त्यातले ६० टक्के केंद्राचे, ४० राज्याचे. राज्यांनी वरून घालायचे असतील तर घालावेत.

पावणेसात रुपयांत आपल्याकडे महाराज बाड्याच्या बाजारात एक कचोरी येत नाही, आणि एक अंडं घ्यायला गेलं तर साधारण सगळेच पैसे त्यात संपतात. म्हणून कोणत्याही राज्यानं 'आम्ही अंडं देणार' म्हटलं की पहिला प्रश्न धर्माचा नाही, पैसे वरून कोण घालणार हा असतो, आणि कोणी 'अंडं देणार नाही' म्हटलं तरी तोच प्रश्न त्याच्या पोटात असतो. फक्त तो संस्कृतीच्या नावाखाली झाकला जातो.

एमपीत, म्हणजे आपल्या मध्य प्रदेशात, अंड्यावरून नक्की काय काय झालं? क्रमानं सांगा.

पहिली गोष्ट, एमपीतला वाद मुख्यतः अंगणवाडीतल्या अंड्याचा आहे, शाळेतल्या नाही.

२०१५ मध्ये आलीराजपूर, मंडला आणि होशंगाबाद या आदिवासी वस्ती असलेल्या जिल्ह्यांत अंगणवाडीत अंडं देऊन बघू असा प्रस्ताव निघाला आणि तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी तो नाकारला. २०१८ च्या शेवटी कमलनाथांचं सरकार आलं आणि महिला-बालविकास खात्याच्या मंत्री झाल्या इमरती देवी, आपल्या ग्वाल्हेर जिल्ह्यातल्या डबऱ्याच्या आमदार. त्यांनी २०१९ मध्ये अंडं द्यायचं जाहीर केलं. त्यावर विरोधी पक्षनेते गोपाल भार्गव म्हणाले की लहानपणापासून असं खायला घातलं तर मुलं मोठी होऊन नरभक्षक होतील, आणि पुढचे आठ दिवस सगळीकडे तेवढंच चाललं.

आणि मग गंमत बघा. मार्च २०२० मध्ये सरकार पडलं, इमरती देवी ज्योतिरादित्य शिंद्यांबरोबर भाजपात गेल्या, शिवराजजींच्या मंत्रिमंडळात त्यांना परत तेच खातं मिळालं आणि बाईंनी परत तेच सांगितलं, अंडं देणार! पक्ष बदलला पण अंडं नाही बदललं, मला त्यांचं हे आवडलं होतं, बाकी त्यांच्या राजकारणाबद्दल मी काही बोलत नाही. मुख्यमंत्र्यांनी मात्र अंडं नाही, दूध देणार असं जाहीर केलं, १७ सप्टेंबर २०२० पासून. त्याच नोव्हेंबरात पोटनिवडणुकीत इमरती देवी डबऱ्यातून हरल्या. अंड्यामुळे हरल्या असं कोणी ग्रुपवर लिहिलं तर विश्वास ठेवू नका, त्या निवडणुकीत शंभर गोष्टी होत्या.

अंडं खाऊन मुलं खरंच हिंसक होतात का?

नाही. पुढचा प्रश्न.

दूध दिलं तर बिघडलं काय? अंड्याएवढंच पौष्टिक असतं ना?

मनापासून सांगते, दूध खरंच मिळत असेल तर काहीच बिघडलं नाही. ग्लासभर, म्हणजे २०० मिली चांगल्या दुधात साधारण सहा ग्रॅम प्रोटीन, एका अंड्यातही तेवढंच. बी-१२ दोन्हीत. कॅल्शियम दुधात कितीतरी जास्त.

अडचण पोहोचण्याची आहे. जून महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, त्यात गावातल्या शाळेपर्यंत ताजं दूध न नासता जाणार कसं, म्हणून पावडर येते. पावडर आली की किती पावडर आणि किती पाणी हे कालवणाऱ्याच्या हातात. अंडं कवचात बंद येतं. त्यात पाणी घालता येत नाही, अर्धं वाढता येत नाही, पोरगं सुद्धा मोजू शकतं की आज मिळालं की नाही. माझ्यासारखी अंडं न खाणारी बाई अंड्याच्या बाजूनं बोलते त्याचं कारण हे आहे, त्यात चोरी लपत नाही.

मग केळं?

केळं चांगलं फळ आहे, पण त्यात प्रोटीन जेमतेम एक ग्रॅम आणि बी-१२ शून्य. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांच्या हातात काहीतरी हवं म्हणून केळं देतात, त्यांना वगळल्यासारखं वाटू नये म्हणून. तेवढ्यापुरतं ठीक. अंड्याची बरोबरी करायची असेल तर दूध, दही, पनीर नाहीतर भरपूर चणे-शेंगदाणे लागतील.

पण मध्य प्रदेश तर शाकाहारी राज्य आहे?

अर्धं. २०१४ च्या सरकारी सॅम्पल रजिस्ट्रेशन सर्व्हेत पंधरा वर्षांवरच्या लोकांत शाकाहारी निघाले ५० टक्क्यांच्या जरासे वर. महाराष्ट्रात ४० च्या आसपास. म्हणजे एमपीतला जवळजवळ प्रत्येक दुसरा माणूस अंडं किंवा मांस-मासे खातो. आणि ज्या घरांतली मुलं सरकारी शाळेत आणि अंगणवाडीत जातात, आदिवासी, दलित, गरीब मागासवर्गीय, त्या घरांत तर खाणारे बरेच आहेत, फक्त विकत घेणं परवडत नाही. ताट कोणाचं आणि त्यावर बोलतंय कोण, हे नीट बघितलं तर या वादात जात कुठे आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. आपण ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बसून शिवपुरीतल्या सहरिया आदिवासी पोरानं काय खावं ते ठरवतो, आणि 'भावना दुखावल्या' म्हणतो त्या नेमक्या कोणाच्या?

आता एमपीत कुपोषण कमी झालंय ना? मग एवढी ओरड कशाला?

कमी झालंय, हे मान्य करायलाच हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ ला, पाच वर्षांखालची ४२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी होती, पाचव्या फेरीत ३५.७. कमी वजनाची ४२.८ वरून ३३ वर आली. हे चांगलंच आहे. पण तरीही तिनातलं एक मूल आहे, आणि श्योपूर-शिवपुरी आपल्यापासून किती लांब आहेत ते बसनं जाणाऱ्यांना माहीत आहे.

महाराष्ट्रात तर अंडं सुरू झालं होतं, त्याचं काय झालं?

माहेरची बातमी म्हणून हे सगळेच विचारतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं आठवड्यातून एकदा अंडं, आणि न खाणाऱ्यांना केळं असा निर्णय काढला. विरोध झालाच. मग जानेवारी २०२५ मध्ये नवा निर्णय आला की अंड्याला सरकारी पैसा मिळणार नाही, अंडा पुलाव, तांदळाची खीर, नाचणी सत्व हे ज्या शाळेला द्यायचं असेल तिनं लोकसहभागातून द्यावं. म्हणजे बंदी घातली असंही नाही आणि दिलं असंही नाही. खिचडीत टाकायला ज्या गावाकडे पैसे नाहीत तिथे अंड्यासाठी लोकसहभाग कुठून येणार हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

उलट टोक म्हणजे तामिळनाडू. कामराजांनी १९५० च्या दशकात शाळेत जेवण सुरू केलं, एमजीआरनी १९८२ मध्ये ते खूप मोठं केलं, करुणानिधींनी त्यात अंडं आणलं आणि पुढे आठवड्याला पाच अंडी झाली. तिथे दोन्ही द्रविड पक्ष एकमेकांचं तोंड बघत नाहीत पण जेवणाच्या बाबतीत भांडण एवढंच की आम्ही जास्त दिलं की तुम्ही. असं राजकारण आपल्याकडे आलं तर मी आनंदानं सहन करीन. कर्नाटकात २०२१ च्या डिसेंबरात उत्तरेकडच्या मागास जिल्ह्यांत अंडी सुरू झाली, काही मठाधिपतींनी कडाडून विरोध केला, तरी नंतर ती राज्यभर गेली.

कांदा-लसणाचा काय वाद होता?

तो पण कर्नाटकातलाच, २०१८-१९ चा. मोठ्या किचनमधून लाखो मुलांना जेवण पुरवणारी एक नामांकित संस्था कांदा-लसूण वापरत नाही, त्यावरून कार्यकर्ते म्हणाले की मुलांना बेचव लागतं म्हणून ती कमी खातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मेनू नियमात बसतो असं सांगितलं. पोषणाच्या हिशोबानं कांद्यानं फार फरक पडत नाही, मान्य. पण मुलानं ताट अर्धं टाकलं तर कागदावरच्या ४५० कॅलरी डस्टबिनमध्ये जातात, तो हिशोब कोणत्याच रिपोर्टात नसतो.

शाळेत प्लास्टिकचा तांदूळ येतो म्हणे? व्हिडिओ आलाय.

प्लास्टिक नाही हो. तो फोर्टिफाइड तांदूळ. तांदळाचं पीठ, त्यात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून तांदळाच्याच आकाराचे दाणे मशीनवर पाडतात आणि शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात साध्या तांदळात मिसळतात. ते दाणे थोडे वेगळे दिसतात, काही वेळा पाण्यावर तरंगतात, म्हणून आपल्या बायका चांगुलपणानं निवडून फेकून देतात आणि सगळं लोह गेलं केराच्या टोपलीत. खरा प्रश्न वेगळा आहे, थॅलेसेमिया वगैरे रक्ताचे आजार असलेल्यांना जास्तीचं लोह चालत नाही, त्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. तो विचारा, प्लास्टिकचं सोडा.

सगळा पैसा वरच खातात, मग स्टँडर्ड वाढवून उपयोग काय?

हा काकांचा लाडका प्रश्न, आणि पूर्ण चुकीचा नाही. २०२२ मध्ये एमपीच्या महालेखाकारांच्या रिपोर्टात अंगणवाडीच्या घरी न्यायच्या पाकिटांबद्दल आलं होतं की माल वाहिल्याचे जे ट्रक दाखवले त्यांचे नंबर तपासले तर मोटरसायकली, कार आणि ऑटो निघाले. हा अंतिम रिपोर्ट नाही असं सरकार म्हणालं. पण लक्षात घ्या, हे पाकिटाचं आहे, जे बंद खोलीत बनतं आणि कोणी उघडून बघत नाही. शाळेतलं गरम जेवण निदान शंभर मुलांच्या आणि त्यांच्या आयांच्या डोळ्यांसमोर वाढलं जातं. चोरी होते म्हणून स्टँडर्ड कमी करा हे मला पटत नाही, उघड्यावर वाढता येईल आणि मोजता येईल असं द्या.

जेवण बनवतं कोण, त्यांना काय मिळतं?

गावांत स्वयंसहायता समूहातल्या बायका, शहरांत बऱ्याच ठिकाणी मोठं सेंट्रल किचन. केंद्राच्या हिशोबात स्वयंपाकीण बाईचं मानधन २००९ पासून महिन्याला १००० रुपये आणि तेही वर्षातले दहाच महिने. राज्यं वरून घालतात, कोणी जास्त कोणी कमी. धूर, पन्नास-साठ ताटं, भांडी, सगळं त्यात. पातळ डाळीचा राग निघतो तो पण हिच्यावरच.

अमेरिकेत तरी हे सगळं सरळ असेल?

अजिबात नाही. १९८१ मध्ये रेगन सरकारच्या काळात पैसे वाचवायला लोणच्यासारखे पदार्थ भाजीत धरायचा नियम निघणार होता, लोकांनी 'केचप म्हणजे भाजी' म्हणून एवढी टर उडवली की तो मागे घ्यावा लागला. २०१० मध्ये ओबामांच्या काळात कायदा आला, मीठ कमी, भाज्या-फळं आणि सबंध धान्य जास्त, तर २०११ मध्ये तिथल्या संसदेनं पिझ्झावरच्या दोन चमचे टोमॅटो पेस्टला भाजीचा दर्जा कायम ठेवला. नंतर ट्रम्प आले आणि काही नियम सैल केले. तिकडे दबाव आणतात फ्रोझन पिझ्झावाले आणि बटाटेवाले, इकडे संस्कृतीवाले.

शाळेत जेवण खराब आहे हे कळलं तर तक्रार कुठे करायची?

२०१५ चे नियम आहेत, त्यात शाळा व्यवस्थापन समितीनं लक्ष ठेवायचं, मुलांना वाढायच्या आधी शिक्षकानं चाखायचं, आणि जेवण मिळालंच नाही तर त्या मुलाला धान्य आणि पैसे भत्ता म्हणून मिळतात हे बऱ्याच पालकांना माहीतच नाही. बिहारमध्ये सारण जिल्ह्यात जुलै २०१३ ला कीटकनाशक मिसळलेल्या जेवणानं २३ मुलं गेली, त्यानंतर चाखण्यावर फार जोर आला.

आधी हेडमास्तरांशी बोला, मग समिती, मग सीएम हेल्पलाइन १८१. एमपीत शाळा एका खात्याची आणि जेवण पंचायत खात्याचं, त्यामुळे 'हे आमच्याकडे येत नाही' हे ऐकायची तयारी ठेवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. भिंतीवर मेनू रंगवलेला असतो, त्याचा आणि त्या दिवसाच्या ताटाचा फोटो एकत्र काढा. मंगळवारची खीर-पुरी बहुतेक ठिकाणी होतेच कारण मुलं वाट बघतात, गुरुवारी जाऊन बघा कढीत पकोडा आहे का.

आपल्या मंडळातर्फे आपण काही देऊ शकतो का?

हो, त्याला तिथी भोजन म्हणतात, गुजरातमधून सुरू झालेली पद्धत, आता पीएम पोषणमध्येच आहे. वाढदिवस, पुण्यतिथी, गणपती, काहीही निमित्त चालतं. दोन गोष्टी मात्र सांभाळा. नुसती जिलेबी-बुंदी नको, त्यापेक्षा हिवाळ्यात मुरैन्याची तिळाची गजक, शेंगदाण्याची चिक्की, उकडलेले चणे, दही, ताजं पनीर असलं काही द्या. आणि हे रोजच्या जेवणाच्या वर द्यायचं, त्याच्या बदल्यात नाही, नाहीतर आपली पुरणपोळी पोरांनी खायची आणि त्या दिवसाची डाळ भलत्याच्याच घरी जायची. फोटो काढायचा असेल तर बॅनरचा काढा, मुलांचे चेहरे ग्रुपवर टाकू नका. अंडी द्यायची असतील तर शाळेला आणि पालकांना आधी विचारा, ग्रुपवर विचारू नका.